आठवीचं सत्र रद्द झालं, त्यावरून : किशोरवयातलं गरोदरपण आणि शाळेतलं लैंगिक शिक्षण

निशिगंध

पुण्याच्या उपनगरातली सेमी-इंग्रजी शाळा. मुलगी आठवीत, मुलगा दहावीत, दोघंही तिथेच. शाळेने आठवी-नववीसाठी एका डॉक्टरबाईंचं 'वयात येताना' असं सत्र ठरवलं होतं. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना आली आणि संध्याकाळपर्यंत गट पेटला. "नको त्या वयात नको ते सांगू नका." "पाळीचं आईने सांगितलेलं असतं, आणखी काय सांगायचंय?" एका बाबांनी तर "आधी बीजगणिताचा पोर्शन पूर्ण करा" असं लिहिलं आणि त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. रात्री मुख्याध्यापिकांचा निरोप आला की सत्र पुढे ढकलण्यात आलं आहे. पुढे ढकलणं म्हणजे काय, ते आपण सगळे जाणतो.

आता शाळेचा नवा प्रस्ताव असा : फक्त मुलींना, फक्त पाळीवर, अर्धा तास. सॅनिटरी पॅडच्या कंपनीची ताई येईल, शेवटी प्रत्येकीला एक पाकीट. मुलगे तेवढा वेळ मैदानावर.

मी पालक संघात आहे, शनिवारी बैठक आहे. भांडायचं नाहीये, नीट माहिती हवी आहे. गरोदरपणाचा विषय काढला की "आपल्याकडे असं होत नाही" हे ठरलेलं उत्तर येतं. होतं का? कुणाला होतं? आणि शिकवून काही फरक पडतो का?

डोंबिवलीकर

आमच्या वेळी कुणी सत्रं घेतली नाहीत. बिघडलो का आम्ही? २००७ साली राज्य सरकारनेच हे प्रकरण शाळांतून बाद केलं होतं, ते काय उगाच? मुलांचं बालपण त्यांना जगू द्या. संस्कार घरात होतात, प्रोजेक्टरवर नाही.

तिसरी_घंटा

डोंबिवलीकर, २००७ची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो केंद्राचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम होता, एड्सच्या धास्तीतून आलेला, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि युनिसेफ त्यात होते. शिक्षकांसाठीच्या साहित्यातली चित्रं बघून गदारोळ झाला आणि महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा बऱ्याच राज्यांनी कार्यक्रमच गुंडाळला. चित्रं बदलता आली असती. त्यानंतर काही वर्षांतच पोरांच्या हातात स्मार्टफोन आले, त्यातली चित्रं बाद करायला कुठलंही विधिमंडळ बसलं नाही.

लेबररूम

"आपल्याकडे असं होत नाही" याला उत्तर देते. तालुक्याच्या गावी स्त्रीरोग विभागात काम करते. खाली लिहिलंय ते कुठल्या एका मुलीचं नाही, अनेकींचं मिळून आहे, त्यामुळे ओळख शोधत बसू नका.

मुलगी येते ती "पोटात गॅस धरतो" म्हणून. किंवा पित्त, सकाळच्या उलट्या, शाळेत प्रार्थनेला चक्कर. बरोबर आई. शेवटची पाळी कधी, असं मुलीला विचारलं की उत्तर आई देते, "तिची पहिल्यापासून मागेपुढेच होते." हे खरंही असतं. सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं पाळीला शिस्त नसतेच. म्हणून चुकली तरी घरात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मुलीच्याही येत नाही. मग आईला केसपेपरवर शिक्का मारून आणायला बाहेर पाठवायचं. तेवढ्या वेळात मुलगी दप्तराच्या बंदाशी चाळा करत बसते. कधी काहीच बोलत नाही, कधी एवढंच म्हणते, "एकदाच."

काय समजून चालल्या होत्या, ते ऐका. पहिल्या वेळेला राहत नाही. नंतर लगेच आंघोळ केली की काही होत नाही. आणि लग्न झाल्याशिवाय दिवस जातच नाहीत. या शेवटच्यावर हसू नका. तिने आजवर पाहिलेली प्रत्येक गरोदर बाई लग्न झालेलीच होती, तिने काढलेला निष्कर्ष तिच्या माहितीला धरूनच आहे.

आता आठवड्यांचा हिशोब. गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी आठवडाभर लांबली तेव्हाच पाच आठवडे झालेले असतात. पोट दिसायला लागतं सोळा-वीस आठवड्यांना, पहिल्या खेपेला अनेकदा उशिराच, आणि वरून सैल ड्रेस-ओढणी. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत चालतं. २० ते २४मध्ये दोघांचं लागतं आणि ठरावीक गटांनाच परवानगी आहे, अल्पवयीन मुली त्यात येतात. २४च्या पुढे, गर्भात गंभीर व्यंग नसेल तर, कोर्टाची पायरी. बाई विशीची असो की तीसची, तिला साधारण दीड महिन्यात शंका येते. या मुलींना कुणाला तरी शंका येईपर्यंत पाच महिने उलटलेले असतात.

आणि बाळंतपण झालंच, तर पंधरा-सोळाच्या शरीराला ते झेपत नाही. रक्त आधीच कमी, हिमोग्लोबिन सात-आठ. रक्तदाब वाढतो, झटके येऊ शकतात. कंबरेच्या हाडांची वाढ पूर्ण नसेल तर बाळ अडतं. बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं.

निशिगंध, तुमच्या बैठकीत आकडेवारीपेक्षा हे सांगा : सत्रात एकच वाक्य मुलींच्या डोक्यात बसलं, की पाळीची तारीख वहीत लिहायची आणि लांबली तर आठ-दहा दिवसांत एका मोठ्या माणसाला सांगायचं, तरी माझ्यासमोर येणाऱ्या निम्म्या अडचणी हलक्या होतील. पॅडच्या पाकिटाबरोबर हे वाक्य कुणी देत नाही.

डोंबिवलीकर

डॉक्टरबाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ह्या मुली बहुतेक तसल्या घरातल्या असणार. आपल्या शाळांतल्या मुलींशी त्याचा काय संबंध?

लेबररूम

तसल्या म्हणजे कसल्या? आपल्या शाळांतल्या मुलीही असतात, फक्त त्या माझ्याकडे येत नाहीत. शेजारच्या शहरातल्या खासगी दवाखान्यात जातात, आणि शाळेत कावीळ झाली म्हणून सांगतात.

मीठभाकरी

मी बीड जिल्ह्यात अंगणवाडीच्या कामावर देखरेख करते. तुमच्या चर्चेत एक गोष्ट सुटतीय. तुम्ही सगळे धरून चाललात की पोरगी लग्नाची नाही. आमच्याकडं पोटुशी असलेली सोळा वर्षांची पोर म्हणजे दहात नऊ वेळा कुणाची तरी सून असते. गळ्यात मंगळसूत्र असलं की कुणी विचारत नाही, उलट ओटी भरायला बाया जमतात.

आकडे हवेत म्हणता तर घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पाचवी फेरी, २०१९-२१. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायांपैकी जवळपास २२ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं. परभणीत हाच आकडा ४८ टक्क्यांच्या आसपास, बीडमध्ये ४३च्या वर. आणि १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या राज्यात ७.६ टक्के, देशाच्या सरासरीहून जास्त. पुढारलेलं राज्य म्हणवतो आपण.

का होतं, तर ऊस. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात, पार पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस अर्धा कोयता. पोरगं अठरा-एकोणीसचं झालं की त्याला जोडी पाहिजे, म्हणजे उचल पूर्ण मिळते. इकडं पोरीच्या आईबापापुढं वेगळा पेच : सहा महिने उसाच्या फडावर जायचं, वयात आलेली पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवायची का फडावरच्या झोपडीत, कोपीत, आणून झोपवायची? कोपीला दार नसतं. मग दिवाळीच्या आधीच तिचं लग्न उरकून टाकतात. गावची शाळा सातवी-आठवीपर्यंत. पुढं तालुक्याला जायला मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे, पण एस.टी. वेळेवर यावी लागते ना. हंगामी वसतिगृहं आहेत, ती मुख्यतः लहान लेकरांसाठी चालतात.

आता सांगा, ह्या पोरीला शाळेतलं तुमचं सत्र कधी भेटणार? नववीच्या आधीच ती शाळेतून गेलेली असते. म्हणून मी म्हणते, सत्र घ्यायचं तर सहावी-सातवीत घ्या. त्यात नुसतं शरीर नको. लग्नाचं वय अठरा आहे, गावचा ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ फिरवला की लग्न थांबवायला माणसं येतात, हे सांगा. मी असं फोनवर थांबलेलं लग्न बघितलंय. मांडव तसाच उभा आणि नवरीच्या हातावर मेंदी. फोन तिच्याच वर्गातल्या पोरीनं केला होता.

निशिगंध

मीठभाकरी, हे वाचून जरा वेळ काही लिहवेना. आमच्या शाळेच्या वादात हा मुद्दा कुणाच्या गावीही नव्हता. पण मग लग्न झालेल्या त्या मुलीला तरी दवाखान्यात नीट वागणूक मिळते का? की तिथेही पोलीस?

मीठभाकरी

तीच तर गोम आहे. आधार कार्ड मागितलं की वय दिसतं. वय दिसलं की डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, आणि नवऱ्यावर गुन्हा. एकदा गावात असं झालं की पुढच्या घरातली सासू शहाणी होते. नोंदणीला नेतच नाही. नेलं तर "एकोणीस चालू आहे, कार्ड घरी राहिलं." आशाताईकडं दिवस गेलेत का ते बघायचं निश्चय किट असतं, दारात तपासणी होते, पण आशा त्याच गावातली, तिलाही तिथंच राहायचंय. लोहाच्या गोळ्या नाहीत, तपासणी नाही, आणि थेट कळा सुरू झाल्यावर जीप.

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण धाग्यावर दोन-तीन गोष्टींची सरमिसळ होते आहे.

२०१२च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने, संमतीचं वय १८ केलं, त्याआधी ते १६ होतं. सतरा वर्षांची मुलगी राजीखुशीने गेली, तरी कायद्याच्या लेखी तिची संमती नाही. पूर्वी नवऱ्याला सूट होती, म्हणजे बायको पंधराच्या वर असली की बलात्काराचा गुन्हा होत नव्हता. ऑक्टोबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट अठरापर्यंत काढून टाकली. म्हणून मीठभाकरी म्हणतात तसा नवऱ्यावर गुन्हा होतो.

पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, कुणीही. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. हेतू चांगला आहे, कारण लहान मुलांवरचे अत्याचार घरातच दाबले जातात. पण अकरावीतल्या दोघांचं प्रेमप्रकरण आणि काकाने केलेला अत्याचार, दोन्ही एकाच चाळणीतून जातात. २०२३च्या अहवालात विधी आयोगाने वय खाली आणू नये असंच सांगितलं, मात्र १६ ते १८ मधल्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत तारतम्य वापरू द्यावं, अशी शिफारस केली.

महत्त्वाचा दिलासा सप्टेंबर २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. तो निकाल अविवाहित बाईच्या २० ते २४ आठवड्यांच्या हक्काबद्दल गाजला, पण त्यातच असंही आहे की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांकडच्या अहवालात तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. हे कित्येक दवाखान्यांना माहीतच नाही. आणखी एक : गर्भपातासाठी अल्पवयीन मुलीच्या पालकाची लेखी संमती लागते, पण कायद्यातली पालकाची व्याख्या आईबापांपुरती नाही. मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती पालक धरली जाते. आजी, मावशी चालू शकते.

उशीर झाला की काय होतं, त्याचं उदाहरण २०२४चं आहे. मुंबईकडची १४ वर्षांची मुलगी, अत्याचारातून गरोदर, जवळपास ३० आठवडे. उच्च न्यायालयाने नाही म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, आणि आठवड्याभरात मुलीच्या जिवाच्या काळजीने पालकांचंच मन बदललं, तेव्हा न्यायालयाने आदेश मागे घेतला. देशातलं सर्वात वरचं न्यायालय हाताशी असूनही सरळ वाट उरली नव्हती.

अडकित्ता

संमतिवय म्हटलं की १८९१चा कायदा आलाच. दहाचं बारा करायला पुण्यात केवढा गहजब! टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या. बंगालमधली फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीने दहा-अकरा वर्षांची मेली तेव्हाही लोक म्हणत होते की हा घरातला प्रश्न आहे, सरकारने नाक खुपसू नये. निशिगंधताईंच्या व्हॉट्सॲप गटावर आणि त्या सभांत मला फारसा फरक दिसत नाही.

डोंबिवलीकर

टिळकांचा विरोध परकीय सरकारने कायदा करण्याला होता, सुधारणेला नव्हे. अर्धवट माहितीवर थोर पुरुषांना

अडकित्ता

वाक्य पूर्ण करा, मग आगरकरांचे अग्रलेख काढतो.

व्यवस्थापन

टिळक-आगरकरांसाठी इतिहास विभागात तीन धागे आधीच आहेत. इथले पुढचे अकरा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

सातासमुद्रा

'शिकवून फरक पडतो का' याबद्दल. मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत शिकवते, माहेर सांगलीचं. नव्वदच्या दशकात पश्चिम युरोपात किशोरवयीन गरोदरपणात इंग्लंडची अवस्था सर्वात वाईट होती. १९९९मध्ये सरकारने दहा वर्षांची योजना आणली. तेव्हा १५ ते १७ वयाच्या दर हजार मुलींमागे ४७च्या आसपास गर्भधारणा होत होत्या, २०१८ला हा आकडा १७च्या खाली आला. यश एकट्या शाळेचं नाही. तरुणांसाठी वेगळे दवाखाने, गुप्तता, फुकट गर्भनिरोधकं, शिवाय गरीब भागांत मुलींनी शाळा सोडू नये म्हणून खास माणसं, असं सगळं एकदम केलं. सप्टेंबर २०२०पासून माध्यमिक शाळांत हा विषय सक्तीचा आहे.

इथेही पालक भांडतात बरं का. लैंगिक शिक्षणातून मुलाला काढून घ्यायचा हक्क पालकांना आहे, पण सोळावं लागायच्या तीन सत्रं आधीपासून मुलाने स्वतः मागितलं तर शाळा ते देते. आमच्या वर्गात सर्वात जास्त वेळ जातो तो नाही कसं म्हणायचं आणि समोरच्याचं नाही कसं ऐकायचं यावर. कंडोमचा तास एकच असतो, गाजतो मात्र तोच.

डोंबिवलीकर

म्हणजे शेवटी गर्भनिरोधकं वाटायची. तिकडची संस्कृती तिकडे. शिकवलं की करून बघणारच ना पोरं?

सातासमुद्रा

युनेस्कोने जगभरातले अभ्यास तपासून २०१८ला मार्गदर्शिका सुधारली. शिकवल्याने मुलं लवकर सुरुवात करतात असं त्यात आढळलं नाही, उलट काही ठिकाणी उशिरा करतात. आणि ही पाश्चात्त्य कल्पना आहे हा समज चुकीचा असल्याचं आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४च्या एका निकालात लिहिलं आहे. संस्कृतीचंच काढायचं तर रघुनाथ धोंडो कर्वे कुठले होते? १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गेली, १९२७पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. इंग्लंडची योजना त्यानंतर सत्तरेक वर्षांनी आली.

गावकूस

मी शाळेत विज्ञान शिकवतो. डोंबिवलीकरांशी बाकी मतभेद, पण त्यांच्या बाजूने एक खरी अडचण मांडतो. शिकवणार कोण? आमच्या मुलींच्या वर्गाला विज्ञान मी शिकवतो, पुरुष, वय बावन्न. दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मानवी प्रजनन आहे, मासिक चक्र आहे, टेस्ट ट्यूब बेबी आणि सरोगसीसुद्धा आहे. आकृती फळ्यावर काढायला पाठ केली की मागच्या बाकावरून खोकला सुरू होतो. प्रशिक्षण शून्य. मुलीने काही विचारलं आणि मी उत्तर दिलं, ते घरी जाऊन कसं सांगितलं जाईल याची भीती वेगळीच. एका सहकाऱ्याची अशाच तक्रारीवरून बदली झाली, त्याने धड्याबाहेरचं एक वाक्य बोललं नव्हतं. 'सत्र घ्या' म्हणणं सोपं आहे. शिक्षकाच्या पाठीशी पालक संघ लेखी उभा राहणार आहे का, ते शनिवारी विचारा.

बॅकबेंच

मी २० वर्षांचा आहे, म्हणजे इथे सगळ्यात लहान बहुतेक. सरांनी सांगितलेल्या धड्याबद्दल : आमच्या बाई म्हणाल्या, हा घरी वाचून या, परीक्षेला चार मार्कांना येतो. आम्ही वाचला. आकृती पाठ केली, नावं दिली. त्या आकृतीचा आपल्या अंगाशी काही संबंध आहे असं कुणाला वाटलं नाही.

बाकीचं सगळं मोबाईलवर शिकलो. तिथे कुणी विचारत नाही, कुणी नाही म्हणत नाही, आणि कुणी गरोदर राहत नाही. दोन-तीन वर्षं मला खरंच वाटायचं की ते तसंच असतं. अकरावीत वर्गातल्या एका मुलाने मेडिकलमधून गोळी आणून दिली मैत्रिणीला. कसली गोळी, कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी त्याला जिगरी ठरवलं. मुलीचं पुढे काय झालं हे आम्ही कुणी विचारलंसुद्धा नाही, ती क्लासला यायची बंद झाली एवढंच कळलं. आणि तुमच्या शाळेचा उपाय काय, तर मुलगे मैदानावर.

लेबररूम

बॅकबेंच, हे लिहिलंस ते बरं केलंस. गोळ्यांचा घोळ निस्तरते, कारण हे वाचणारे आणखीही असतील. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ती आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी. ती चिठ्ठीशिवाय मिळते, गर्भ राहू नये म्हणून असते, राहिलेला गर्भ तिने पडत नाही. जितकी लवकर घ्याल तितका उपयोग. गर्भपाताच्या गोळ्या पूर्णपणे वेगळ्या. त्या डॉक्टरशिवाय घ्यायच्या नसतात. किती आठवडे झालेत, गर्भ पिशवीतच आहे की नळीत, हे न बघता घेतल्या तर जीव जाईल इतका रक्तस्राव होऊ शकतो. असा रक्तस्राव घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्यात. मुलगा बहुतेक वेळा दवाखान्याच्या फाटकाबाहेर बाईकवर बसलेला असतो. आत यायची हिंमत नसते, पळूनही गेलेला नसतो.

मुलग्यांना वर्गात बसवा. एकत्र नको वाटलं तर वेगळं बसवा, पण बसवा.

निशिगंध

गावकूस सर, तुमचा मुद्दा लिहून घेतला. पालक संघाचा ठराव मागणार आहे, त्यात शिक्षकाचं संरक्षण हे पहिलं. आणखी एक अडचण माझी घरातली. मुलीशी मी बोलते, पाळी, पॅड, पोटदुखी सगळं. त्याच्या पुढे जायचं म्हटलं की जीभ जड होते. काय बोलायचं नेमकं?

सातासमुद्रा

एका बैठकीत उरकायला जाऊ नका. गाडीत, भांडी आवरताना, दोघींचं तोंड एकमेकींकडे नसताना बोलावं, मला तेच सोपं गेलं. "कुणी तुला आवडेल, तू कुणाला आवडशील, त्यात काही वाईट नाही. हात लावू देणं हे तुझ्यावर आहे, आणि एकदा हो म्हटलं म्हणून दर वेळी हो नाही." नंतर कधीतरी, "मूल कसं राहतं ते तुला माहीत आहे का? चुकीचं माहीत असेल तर मला आवडणार नाही." आणि सर्वात महत्त्वाचं, "काहीही झालं तरी आधी मला सांग. मी ओरडेन बहुतेक, पण दवाखान्यात तुझ्याबरोबर मीच येईन." ओरडणार नाही असं खोटं सांगू नका, मुलांना कळतं.

मीठभाकरी

आणि ज्यांची आई फडावर आहे त्यांचं? म्हणून सरकारी दवाखान्यातलं मैत्री क्लिनिक सांगा पोरींना. किशोरवयीन मुला-मुलींसाठीच असतं, समुपदेशक असतो. उपजिल्हा रुग्णालयात, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत आहे. बाहेर पाटी आहे पण आत कोण जातं? आमच्याकडं शाळेची सहल काढतात किल्ल्यावर. एकदा वर्ग घेऊन त्या खोलीपर्यंत चालत जावा, दार कुठलं ते दिसलं तरी पुरे.

डोंबिवलीकर

मुलग्यांचा मुद्दा मला पटतो. बाकी नाही. आठवीत गर्भनिरोधकं शिकवण्याला माझा विरोध कायम आहे. नववीनंतर, पालकांची लेखी परवानगी घेऊन, आणि काय शिकवणार ते आधी दाखवून. एवढं असेल तर मी सहन करीन.

तिसरी_घंटा

लेखी परवानगी मागितली की ज्या घरात मुलीला सर्वात जास्त गरज आहे, तिथूनच नकार येणार. अत्याचार करणारा घरातलाच असेल तर सही कोण करणार?

डोंबिवलीकर

म्हणून सगळ्याच बापांना संशयित धरायचं? साहित्य आधी दाखवा, यात काय अवघड आहे?

गावकूस

साहित्य दाखवणं मला मान्य आहे. लपवायचं काही नाही, आणि दाखवलं तर उद्या तक्रार आली तरी माझ्या हातात कागद राहील.

निशिगंध

बैठकीचा मसुदा असा करते आहे : सातवीपासून, मुलगे-मुली दोघांना, पाळीची तारीख आणि कुणाला सांगायचं हे आठवीपर्यंत, गर्भनिरोधन नववीत. साहित्य आठवडाभर आधी ग्रंथालयात पाहायला. एक प्रश्नपेटी, नाव न घालता चिठ्ठ्या. पॅडची कंपनी नको.

कोर्टकचेरी, एक शेवटची शंका. प्रश्नपेटीत किंवा सत्रानंतर एखाद्या मुलीने शिक्षिकेला असं काही सांगितलं, तर शिक्षिकेला पोलिसांना कळवावंच लागेल का? तसं असेल तर मुलगी बोलेल कशाला?

कोर्टकचेरी

लागेल. २०२२च्या निकालातली नाव न देण्याची सवलत गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांपुरती आहे, शिक्षिकेला ती नाही. म्हणून मुलगी बोलायला लागण्याआधीच तिला हे सांगितलेलं असावं. शाळेतल्या माणसाला काय गुपित ठेवता येतं आणि काय नाही, हे सत्राच्या पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाका. चिठ्ठीवर नाव नसलं, तरी मजकुरावरून मुलगी ओळखू येत असेल तर तीही माहितीच धरली जाईल. म्हणून पेटी कोण उघडणार आणि कधी, हे लेखी ठरवा. रोज उघडा. शुक्रवारी टाकलेली चिठ्ठी पुढच्या गुरुवारी वाचली, असं होऊ देऊ नका. बालकल्याण समितीचा आणि तुमच्या भागातल्या विशेष बाल पोलीस पथकाचा नंबर मुख्याध्यापिकांच्या टेबलावर असू द्या, म्हणजे वेळ आली तर ठाण्याच्या दारातून आत जायच्या आधी कुणाशी तरी बोलता येईल.